एका रात्रीचा पाहुणा आणि तीन वर्षांचा

आषाढीची वारी आणि शाळा-कॉलेजांचे प्रवेश ही दोन्ही एकाच सुमारास येतात. ज्येष्ठ वद्यात तुकोबारायांची पालखी देहूहून निघते आणि लोणी, यवत, वरवंड, उंडवडी अशी मजल दरमजल करीत बारामतीला येते. त्याच दिवसांत इंदापूर, करमाळा, दौंड, माळशिरस या तालुक्यांतली दहावी-बारावी झालेली मुले-मुली एक पेटी, एक वळकटी आणि गुणपत्रिकेची पिशवी घेऊन बारामतीच्या एस.टी. स्टँडवर उतरतात. ओझे दोघांच्याही खांद्यावर असते. घर दोघांनीही सोडलेले असते. वारकऱ्याची वाट कोठे जाते हे सर्वांना ठाऊक. या पोराची कोठे जाते, हे अजून त्यालाही ठाऊक नसते.

वारकरी रात्रीचा मुक्काम करून सकाळी काटेवाडीकडे निघतो. विद्यार्थी मात्र तीन वर्षे, चार वर्षे तेथेच राहतो. या दुसऱ्या प्रवाशाविषयी या वेळी चार शब्द लिहावे असे मनात आले. कारण दिंडीत चालताना, फडावर टेकले असताना, पुष्कळ वारकरी बंधू आम्हाला एकच गोष्ट फिरून फिरून विचारतात : "माउली, पोराला सोळाव्या वर्षीच घराबाहेर ठेवलं. हे बरं केलं का वाईट?" विचारणाऱ्याला उत्तर हवेच असते असे नाही. पोराला सोडून परत येताना एस.टी.त एकट्याने बसलेल्या बापाच्या घशाशी जे अडकलेले असते, ते त्या प्रश्नातून बाहेर येते. तरीही प्रश्न खरा आहे, आणि त्याला हरिनामाच्या मोठ्या आवाजाखाली झाकून टाकणे बरे नव्हे.

ज्यांनी जुनी बारामती पाहिली आहे त्यांना सांप्रतची बारामती ओळखू येणार नाही. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावरचा ऊस, गुऱ्हाळे, बाजारपेठ आणि मोरोपंतांचे गाव अशी तिची ओळख होती. पंतही मूळचे येथले नव्हेत, ते पन्हाळ्याहून आले आणि बारामतीचे होऊन राहिले; हे जाता जाता सांगितले. पुढे १९६२ साली तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघाले. १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट व १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. शारदानगरला मुलींची शाळा-कॉलेजे झाली, भिगवण रस्त्याला विद्यानगरी उभी राहिली. त्याच अंगाला रुई, कटफळ, वंजारवाडीच्या माळावर एमआयडीसी आली. जेथे कुसळ उगवत होते तेथे पियाज्जिओच्या तीनचाकी गाड्या तयार होऊ लागल्या, दुधाचे, कापडाचे, लोखंडाचे कारखाने झाले, आणि २०१९ पासून तेथेच सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे कारखाना आणि कॉलेज एका माळावर, एका धुरळ्यात. मुलगा आयटीआय किंवा डिप्लोमाला जातो तेव्हा शेजारच्या शेडमधली पाळी सुटल्याचा भोंगा त्याच्या कानावर पडत असतो.

इंदापूर तालुक्यातल्या आडबाजूच्या गावाहून हे सारे पन्नासेक किलोमीटर. रोज जा-ये करायची म्हटले तर पहाटे पाचला उठून एस.टी., आणि परत यायला दिवेलागण. मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास सरकार मोफत देते, म्हणून पुष्कळ आई-बाप तोवर लेकीची जा-येच पत्करतात. पण डिप्लोमाच्या वर्कशॉपला, नर्सिंगच्या ड्यूटीला एस.टी.चे वेळापत्रक जुळत नाही. मग खोली पाहावी लागते. एका खोलीत चार खाटा, 'कॉट बेसिस' म्हणतात त्याला, भाडे खाटेवर. जेवण मेसचे. ज्यांना मेस परवडत नाही त्यांचा डबा गावाहून एस.टी.ने येतो, ही रीत आता कमी झाली तरी अगदी संपलेली नाही. पहाटे माउली भाकरी थापते, फडक्यात गच्च बांधून डबा कंडक्टरच्या हाती देते, आणि दुपारी पोरगे स्टँडवर येऊन तो उतरवून घेते. भाकरी तोवर निवून कडक झालेली असते. कालचा रिकामा डबा त्याच गाडीने परत. त्या रिकाम्या डब्याचे झाकण उघडून आई पहिल्याने काय पाहते, हे ज्याने घर सोडले आहे त्यानेच ओळखावे. पोराने सगळे खाल्ले की टाकले, एवढीच तिची चिठ्ठी.

आता प्रश्नाकडे वळू.

घर सोडण्याविरुद्ध आपल्या मंडळींचा पहिला आक्षेप पुंडलिकरायांच्या नावाने येतो. आई-बापाची सेवा टाकू नये म्हणून ज्याने देवाला विटेवर थांबवले, त्याच्या पेठेत जाणारे आपण. आणि आपणच पोरांना आई-बापापासून लांब धाडावे, हे कसे? युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. पण परंपरेतली कथा नीट आठवा. आई-बापाचा अनादर करणारा पुंडलिक घरातच होता, बरोबरच होता. यात्रेच्या वाटेवर म्हातारी माणसे पाय ओढीत होती आणि तो आपल्या सुखात होता. त्याचे डोळे उघडले ते घरापासून दूर, परक्याच्या आश्रमात, कुक्कुट मुनींच्या दारी. तेथे दुसरा एक मुलगा आई-बापाची सेवा कशी करतो हे त्याने पाहिले आणि मग तो पालटला. म्हणजे अंतर हा त्याचा दोष नव्हता. उलट अंतराने त्याला शिकवले. एका छपराखाली राहून बापाशी चार-चार दिवस न बोलणारी पोरे आपल्याही गावात आहेत. मग अंतरालाच पाप म्हणण्यात अर्थ नाही.

याच्या उलट बाजूचे कीर्तनकार दुसरा दाखला देतात, तोही आम्हाला रुचत नाही. ते म्हणतात, ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला भावार्थदीपिका सांगितली तेव्हा त्यांचे वय पंधरा. मग पंधरा-सोळाव्या वर्षी मुलाने घर सोडले तर बिघडले कोठे? टाळ्या पडतात. पण विचार करा, त्या चार भावंडांनी घर सोडले होते की समाजाने त्यांना घर ठेवलेच नव्हते? आई-बाप गेलेले, गावाने वाळीत टाकलेले, शुद्धिपत्रासाठी पैठणापर्यंतची पायपीट. त्या दुःखाला आजच्या ॲडमिशनच्या कौतुकासाठी राबवू नये. शिवाय सगळीच पोरे ज्ञानदेव नसतात. बहुतेक आपल्यासारखीच असतात : पहिला महिनाभर रात्री उशीत तोंड खुपसून रडणारी.

दुसरा आक्षेप, बाहेर राहिले की पोरगे बिघडते. बिघडते, कधी कधी. गावात राहूनही बिघडते. पानाची टपरी आणि मोबाइल या दोन गोष्टींना गावाची वेस राहिलेली नाही. यावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे आम्हाला काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण खरे वजन तिचेच आहे. घर सोडण्याची किंमत असते, आणि ती एकटा जाणारा भरत नाही. साने गुरुजींचेच पाहा. पालगडचा हा गरीब घरचा मुलगा शिक्षणासाठी औंध संस्थानात गेला, तेथे हाताने रांधून खाल्ले, प्लेगमुळे ते सुटले, मग पुण्यास आला. १९१७ साली आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता. धावत आला तोवर सारे आटोपले होते. सोळा वर्षांनी, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्याने सोबत्यांना आईच्या आठवणी सांगितल्या, त्याचे पुस्तक झाले, आणि महाराष्ट्राच्या घराघरांत ते वाचून माणसे रडली. आम्हाला वाटते, त्या पुस्तकातल्या प्रत्येक पानाखाली ते एक न भरलेले देणे आहे : मी शिकायला गेलो होतो आणि आई गेली. कोणी म्हणेल, त्यांनी जायलाच नको होते. पण ते गेले नसते तर १९४७ च्या मे महिन्यात पंढरीच्या मंदिराचे दार हरिजन बांधवांना उघडावे म्हणून दहा दिवस उपाशी बसणारा तो पुरुष आपल्याला कोठून मिळाला असता? दोन्ही खरे आहे. एकाने दुसरे फिटत नाही. जमा-खर्चाच्या वहीत हे दोन आकडे समोरासमोर मांडून बेरीज करता येत नाही, आणि जो करून दाखवतो त्याने आई गमावलेली नसावी.

बरे, किंमत भरणारी दुसरीही असतात. दादा बारामतीला डिप्लोमाला राहतो तेव्हा त्याच्या वाटणीची धार कोण काढते? बहुधा धाकटी बहीण. तिची दहावी होते तेव्हा घरातले पैसे दादाच्या खोलीत आणि मेसमध्ये गुंतलेले असतात. "पोरीच्या जातीला लांब कशाला?" असे म्हणून विषय मिटतो. येथे आम्हाला एक विचारावेसे वाटते. आपल्या आज्या-पणज्या बाराव्या, चौदाव्या वर्षी घर सोडूनच गेल्या ना? माप ओलांडून परक्या घरी, परक्या गावी, कधी आठवण आली तर जात्यावर तोंड लपवून रडायचे. १९२९ च्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा झाले, १९४९ मध्ये पंधरा, आणि १९७८ मध्ये अठरा. तोवर सोळा वर्षांच्या मुलीने सासरी जाणे ही रीत होती. त्यावर कोणी प्रवचन केले नाही, कोणाच्या घशात काही अडकले तरी ते गिळून टाकले. तीच मुलगी सोळाव्या वर्षी पेटी घेऊन नर्सिंगच्या किंवा डिप्लोमाच्या वसतिगृहात जायची म्हटली की आपल्याला एकदम तिच्या वयाची, तिच्या एकटेपणाची काळजी वाटू लागते. काळजी खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. ती इतक्या उशिरा कशी सुचली, एवढेच आश्चर्य. जनाबाई लहानपणी गंगाखेडहून पंढरीला आल्या, दामाशेटींच्या घरात वाढल्या. त्या घराने त्यांना जागा दिली, कामही खूप दिले. पण जागा दिली. ती दिली नसती तर?

येथून आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. घर सोडणे चांगले की वाईट, हे सोडणाऱ्याच्या दाराशी ठरत नाही. ते पुष्कळसे दुसऱ्या दाराशी ठरते, जे उघडते किंवा उघडत नाही. महाराष्ट्रात गेल्या सव्वाशे वर्षांत गरिबाची पोरे शिकली ती कशी, याचा शोध घेतला तर शाळेपेक्षा जास्त वेळा बोर्डिंग हा शब्द भेटतो. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे काढविली. शाळा फुकट असली तरी कुणब्याचे पोर कोल्हापुरात रात्री कोठे निजणार, हा त्यांच्यापुढचा साधा सवाल होता. त्याच कोल्हापुरात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी होते. अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आल्यावर अंघोळ करून आत यायला ते कबूल होईनात, म्हणून राहत्या वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. परगावी डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे त्या मुलाला कळले. १९१९ मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह, आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव मिळाले. सर्व जातींची पोरे एका चुलीवर रांधून एका पंगतीला जेवत. एकदा धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र मोडायला दिले. त्या १९३० मध्ये वारल्या. आज रयतेत शिकून मोठे झालेले लोक हजारांनी आहेत. त्यांतल्या कित्येकांना त्या मंगळसूत्राने जेवू घातले आहे, मग त्यांचा जन्म त्यानंतर का झालेला असेना.

आपल्या घरातही हेच झाले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. खेड्यापाड्यांतून कोवळ्या वयाची मुले घर सोडून तेथे आली, चार वर्षे राहिली, माधुकरी मागून जेवली आणि कीर्तनकार होऊन गावोगाव गेली. आपल्यापैकी जे आज फडावर उभे राहतात, त्यांतले कितीतरी आळंदीच्या कोणा बाईच्या भाकरीवर वाढले आहेत. तिचे नाव त्यांनाही आठवत नसेल. मुलाने घर सोडले म्हणून तो बिघडला, असे आळंदीला गेलेल्या मुलाविषयी आपण कधी म्हटले नाही. मग बारामतीला गेलेल्याविषयी का म्हणतो? तो मृदंग शिकतो आणि हा यंत्र शिकतो, एवढाच का फरक?

गाडगे महाराजांनी तर हा विचार पूर्णत्वाला नेला. पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या; यात्रेकरूला पाठ टेकायला जागा हवी म्हणून. स्वतः एका खोलीवरही हक्क ठेवला नाही. आणि पंढरीची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली, शिक्षणाच्या कामासाठी. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी बांधलेली वास्तू वर्षानुवर्षांच्या पाहुण्याला दिली. आम्हाला तर हे त्यांच्या कित्येक कीर्तनांहून मोठे कीर्तन वाटते.

आता थोडे कडू लिहितो, वाचकहो, राग मानू नये.

पालखीच्या दिवशी बारामती काय करते ते आपण सर्वांनी खाल्ले आहे, प्यायले आहे. दारोदार पिठले-भाकरी, चहाची पातेली, पाय चेपायला पोरे, दवाखान्याचे तंबू. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण. बेलवाडीचे, इंदापूरचे रिंगण. सराटीपर्यंत, नीरेच्या काठापर्यंत, दोन्ही तालुके माणसाला उपाशी निजू देत नाहीत. कोणी कोणाला गाव विचारीत नाही, आडनाव विचारीत नाही, सारे माउली. कॉलेजांची मुलेही त्या दिवशी पत्रावळी उचलतात, रस्ते झाडतात. त्यांतली पुष्कळ परगावचीच असतात.

आणि मग तीच गल्ली, तेच घर, महिन्याभराने. दारात एक मुलगा उभा. "काकू, खोली आहे का?" पहिला प्रश्न : "गाव कोणतं?" ठीक आहे. दुसरा प्रश्न : "आडनाव काय?" आडनाव ऐकून चेहरा बदलतो. "नाही रे बाबा, कालच दिली." खोलीला कुलूप तसेच असते. हे आम्ही कोण्या एका घराविषयी बोलत नाही आणि एका गावाविषयीही नाही. पुण्यात हे आहे, सोलापुरात आहे, पालखी जेथून जात नाही तेथेही आहे. पण जेथून पालखी जाते तेथे ते जास्त टोचते. कालपर्यंत ज्याला माउली म्हणून पाणी दिले, त्याच्याच घरचा मुलगा आज आडनावासकट दारात आला, तर चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणाऱ्यांत आणि आपल्यात अंतर किती?

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. एमआयडीसीत ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या कित्येकांनी मोबदल्यातून खोल्या बांधल्या. भाडे हेच त्यांचे आता पीक. भाडेकरू पोरे रात्री दोनपर्यंत गाणी लावतात, भाडे थकवतात, नळ उघडे टाकून जातात. चार वाईट अनुभव आले की माणूस कडक होतो. ते आम्ही समजू शकतो. भाडे घेऊ नका असे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि तसे आम्ही म्हणतही नाही. पण नळ उघडा टाकण्याचा आणि आडनावाचा काही संबंध नाही, हेही मालकाला मनातून ठाऊक असते. सरकारने सामाजिक न्याय खात्याची वसतिगृहे काढली. त्यांत जागा न मिळालेल्या मुलांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजनेत पैसे देते. पैसे खात्यावर येतात. पण खोली शेवटी माणसालाच द्यावी लागते.

खरे म्हणजे एका रात्रीचे आतिथ्य सोपे आहे. पाहुणा सकाळी जातो, आपल्याला पुण्य लागते, त्याचे दोष दिसायला वेळच मिळत नाही. तीन वर्षांच्या पाहुण्याचे दोष दिसतात. त्याचा खोकला ऐकू येतो. परीक्षेत नापास झाल्यावर तो दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, हे लक्षात येते, आणि लक्षात आल्यावर दार ठोठवावे की नाही हा प्रश्न उभा राहतो. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या. त्या पद्धतीची आम्ही स्तुती करणार नाही. ती बहुतेक एका जातीपुरती होती, आणि यजमानीणबाईंच्या कपाळावरच्या आठीचा घास पोरांना रोज गिळावा लागे. कर्मवीरांनी म्हणूनच पोरांच्या हाती कुदळ दिली, कमवा आणि शिका असे सांगितले, की कोणाच्या आठीखाली जेवायला नको. पण त्या जुन्या रीतीत एक होते. मंगळवारी मुलगा जेवायला आला नाही तर कोणाला तरी ते कळत असे. मेसमध्ये ते कळत नाही. तेथे फक्त कार्डावरची खूण राहते. आपले पोर आजारी आहे हे चार दिवसांनी फोनवर कळलेल्या इंदापूरकडच्या एका आईचे बोलणे आमच्या कानी आले : "शंभर घरं आहेत म्हणं त्या गल्लीत, एकाला कसं ठाव न्हाई?" त्या बाई दरवर्षी त्याच गल्लीतून टाळ वाजवीत जातात.

आता मुलाकडे. त्याच्याकडे आमचे मागणे थोडे आहे. त्याने पैसे पाठवावे असे आम्ही म्हणणार नाही; ते त्याचे वय नव्हे. रोज फोन करावा असेही नाही. फोन रोज करूनही काही न बोलणारे पुष्कळ. पण कधी तरी त्याचा बाप बाजाराच्या दिवशी बारामतीला येतो. धोतर, पटका, पायांत जाड वहाणा, हातात शेंगांची पिशवी. वसतिगृहाच्या दारापाशी उभा राहतो, आत जावे की नाही म्हणून. मित्र विचारतात, "कोण रे?" त्या क्षणी पोरगे काय उत्तर देते, तेथे त्याचे घर सुटले की नाही हे ठरते. "गावाकडचे आहेत" असे म्हणणारा मुलगा मनाने फार दूर गेला, आणि त्याला तेथून आणायला एस.टी. नाही. पुंडलिकाने देवाला बाहेर उभे केले ते आई-बापाच्या पायांसाठी. याने बापाला बाहेर उभे केले ते कोणासाठी?

उजनीच्या धरणात भीमाकाठची जी गावे गेली, त्यांतली पुष्कळ इंदापूर तालुक्यातली. धरण १९८० मध्ये पुरे झाले. तेथल्या जुन्या माणसांना घर सोडणे म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवच्या देवळाचे शिखर वर येते आणि म्हातारी माणसे काठाला जाऊन पाहतात. पण ते गाव सगळे मिळून उठले होते, निदान शेजारी शेजारीच राहिला. पोरगे एकटे उठते. त्याला शेजार नव्याने लागतो.

आणि येथेच एक गोष्ट आम्हाला चमत्कारिक वाटते. बारामतीत, इंदापुरात अशी कितीतरी घरे आहेत की जेथला मुलगा वीस वर्षांपूर्वी शिकायला पुण्याला गेला, तेथेच नोकरीला लागला, कोणाचा तर समुद्रापलीकडे गेला. म्हातारा-म्हातारी दोघेच. वरची खोली रिकामी. त्याच्या पुस्तकांचे कपाट तसेच, खाटेवर गादी गुंडाळून ठेवलेली, दिवाळीला येईल म्हणून वर्षातून एकदा झाडायची. मुलगा गेला तेव्हा त्याला पुण्यात कोणी तरी खोली दिली होती, कोणी तरी पहिल्या तापात पेज करून घातली होती. ती बाई कोण, हे या आईला कधी कळले नाही. आणि खाली रस्त्यावरून करमाळ्याकडचा कोणी मुलगा, किंवा मुलगी, वळकटी घेऊन दारे पाहत चालली आहे. त्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीला आहे.